बराकीतला पहिला गल्ला

उल्हासनगरची गोष्ट निघाली की आपण हमखास म्हणतो, सिंधी माणूस रिकाम्या हाताने आला आणि स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला. हिंमत खरीच, पण गोष्ट तेवढीच नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला; तीच पुढे उल्हासनगर झाली. महायुद्धातल्या त्या बराकींत गोणपाटाचे पडदे लावून कितीतरी बिऱ्हाडे राहत. बायका उडदाचे पापड लाटत, बाहेर खाटेवर वाळवत. पुरुष आणि पोरे ते मुंबईच्या लोकलमध्ये विकत. भांडवल म्हणजे पीठ, पोळपाट-लाटणे आणि हाकेवरचे कल्याण जंक्शन. डोक्यावर छप्पर आणि दाराशी रेल्वे नसती, तर तो पापड गिऱ्हाइकापर्यंत पोचला नसता. शिवाय केंद्राने १९४८मध्ये कायदा करून रिहॅबिलिटेशन फायनान्स ॲडमिनिस्ट्रेशन उभारले, ते निर्वासितांना धंद्या-उद्योगासाठी कर्ज देण्याकरिताच.

यावर कोणी म्हणेल, व्यापार त्यांच्या रक्तातच होता, सरकारने वेगळे काय केले? पण आलेल्यांत कारकुनी, वकिली, शिक्षकी करणारे आमिल समाजाचे सिंधीही होते. त्यांच्या घरात दुकानदारीची परंपरा नव्हती. आणि मुरलेल्या व्यापाऱ्याचीसुद्धा पेढी, उधारी, ओळखीची गिऱ्हाइके सिंधमध्येच राहिली. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याला सावकार दारात उभा करत नाही. म्हणून सरकारी कर्जाचे मोल मोठे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. सरकारचा हात काही सदैव मायेचा नव्हता. मुंबई सरकारने १९४८मध्येच निर्वासितांसाठी कायदा करून नोंदणी सक्तीची केली, त्यांना ठरवून दिलेल्या छावणीत धाडण्याचा अधिकार घेतला. मुंबईत गर्दी नको, हा त्यामागचा हिशेब. ही सक्ती जाचक होती, तिचे समर्थन मी करणार नाही. तरीही छावणीतून रोज लोकल पकडून धंद्याला जाण्याची वाट बंद झाली नाही, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच पडला. आज जगभरच्या कित्येक छावण्यांत निर्वासिताला पोटापुरते धान्य मिळते, पण काम करायची मुभा मिळत नाही. उल्हासनगरच्या माणसाला कर्जाइतकाच हक्काचा आधार होता: राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाची तरतूद केली, आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बराकीतला पापडवालाही मतदार होता.