दुधाच्या कॅनमधलं वॉर्सा

डॉक्युमेंटरी बघताना कॅमेरा कोणाच्या हातात होता, हे आपण सहसा विचारत नाही. वॉर्सा घेट्टोची जी हलती चित्रं टीव्हीवर दिसतात, त्यातली बरीचशी नाझींनीच काढलेली आहेत. मे १९४२ मध्ये जर्मन कॅमेरामन तिथे महिनाभर शूटिंग करत होते. 'श्रीमंत ज्यू मजेत, गरीब ज्यू उपाशी' असले प्रसंग चक्क रचून घेतले होते. १९९८ साली त्यातलं टाकून दिलेलं फुटेज सापडलं आणि एकेक सीन पुन्हापुन्हा करवून घेतलेला दिसला. याएल हेर्सोन्स्कीची 'अ फिल्म अनफिनिश्ड' (२०१०) यावरच आहे, जरूर बघा.

ज्यूंकडे होते कागद. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुमने नोव्हेंबर १९४० पासून ५०-६० जणांचा एक गुप्त गट चालवला. बैठक शनिवारी, म्हणून नाव 'ओनेग शाबेस', म्हणजे शब्बाथचा आनंद. डायऱ्या, मुलाखती, पत्रं तर त्यांनी जमवलीच, पण रेशनकार्डं, ट्रॅमची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटचे कागदसुद्धा! एकेका घरात इतकी कुटुंबं कोंबलेली, की कोणासाठी बेल कितीदा वाजवायची याच्या याद्या दारावर असत. त्याही उतरवून ठेवल्यात. गर्दी म्हणजे काय ते मला त्या बेलवरून कळलं.

ऑगस्ट १९४२ मध्ये, माणसं ट्रेब्लिंकाला पाठवली जात असताना, पत्र्याच्या १० पेट्या एका शाळेखाली पुरल्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाचे दोन कॅन. बॅकअप घेणं हा आमचा रोजचा धंदा, पण रिस्टोअर होताना आपण नसणार हे जवळजवळ ठाऊक असून घेतलेला बॅकअप... असो.

गटातले तिघेच वाचले. त्यातल्या हेर्श वासरला जागा माहीत होती, म्हणून १९४६ मध्ये पेट्या मिळाल्या. आत पाणी शिरलं होतं. कॅन १९५० मध्ये सापडले. एकूण सुमारे ३५,००० पानं.

रॉबर्टा ग्रॉसमनची 'हू विल राइट अवर हिस्टरी' (२०१८) या गटावर आहे. नटांकडून प्रसंग करवून घेतलेत. एरवी मला हे खटकतं. इथे मात्र पटलं. नाहीतर दाखवायला उरतं काय, मारणाऱ्यांनी काढलेलं फुटेजच ना? तेही ती वापरते, पण बोलतात घेट्टोतली माणसं. निवेदन राखेल ऑयरबाखच्या शब्दांत आहे. ही घेट्टोत सूप किचन चालवायची, नंतर इस्राएलमध्ये याद वाशेमसाठी वाचलेल्यांच्या जबान्या गोळा करत राहिली.

रिंगेलब्लुम, बायको आणि मुलगा मार्च १९४४ मध्ये लपण्याच्या जागी पकडले गेले आणि मारले गेले. संग्रहाचा तिसरा भागही पुरला होता. तो अजून सापडलेला नाही.