पाऊण ते चार वीस

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, माँट्रियालपासून सुमारे 130 किलोमीटरवर, माँ-ट्रेम्ब्लाँ हे बर्फातल्या खेळांचं गाव आहे. न्यूयॉर्कला राहणारी अभिनेत्री नताशा रिचर्डसन तिथे सुटीवर आली होती. वय 45. अभिनेत्री व्हेनेसा रेडग्रेव्हची मुलगी, अभिनेता लियाम नीसनची पत्नी, 1998 साली 'कॅबरे'साठी टोनी पुरस्कार मिळवलेली. 'द पेरेंट ट्रॅप' पाहिलेल्या मुलांना ती त्यातली आई म्हणून आठवते. खालच्या वेळा रुग्णवाहिका सेवेने तेव्हा जाहीर केलेल्या नोंदींतल्या आहेत.

सोमवार, 16 मार्च 2009, दुपार

नवशिक्यांचा उतार. सोबत प्रशिक्षक. शिकता शिकता नताशा पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तशी सक्तीही नव्हती. कुठे खरचटलेलं नाही, रक्त नाही. ती उठली, हसली, बोलली. प्रशिक्षकाने नियमाप्रमाणे तिला उताराच्या पायथ्याशी आणलं आणि तिथल्या बचावपथकाला बोलावलं.

12.43

रुग्णवाहिकेसाठी पहिला फोन गेला. म्हणजे तिथल्या माणसांनी कर्तव्यात कसूर केली नाही, हे आधीच सांगायला हवं.

1.00

गाडी पोहोचली. डॉक्टरची गरज नाही, असं नताशाचं म्हणणं होतं. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाने नको म्हटलं, तर त्याला जबरदस्तीने गाडीत घालता येत नाही. कायदा तिथेही तसाच आहे.

1.10

तिला न तपासताच गाडी परत फिरली. प्रशिक्षक आणि बचावपथकाचा माणूस तिला हॉटेलपर्यंत सोडायला गेले. डॉक्टरांना दाखवा, असं त्यांनी तिला पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा नको म्हटलं.

1.10 ते 3.00

या जवळजवळ दोन तासांत बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. आत जे चाललं होतं ते समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे मार बसून ती फाटली, की रक्त कवटी आणि मेंदूचं जाड आवरण यांच्यामध्ये साठू लागतं. धमनीचं रक्त जोराने येतं, पण ते जाणार कुठे? हाड ताणलं जात नाही. रक्ताची गाठ वाढते तसा मेंदू एका बाजूला रेटला जातो. श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा मेंदूचा खालचा भाग दाबला गेला, की मग परत फिरणं फार अवघड. काही रुग्णांमध्ये या सगळ्याच्या आधी एक मधला काळ येतो. कधी काही मिनिटांचा, कधी काही तासांचा. त्यात माणूस चालतो, बोलतो, चहा मागतो, आणि आपण ठीक आहोत असं अगदी खरेपणाने सांगतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच बरं वाटत असतं.

लियाम नीसन तेव्हा टोरांटोत चित्रीकरणात होता. नताशाने फोन करून आपण बर्फात पडल्याचं त्याला सहज सांगितलं, असं त्याने पुढे एका मुलाखतीत म्हटलं आहे.

नताशाने नको का म्हटलं, हे आता कुणाला सांगता येणार नाही. पण आपल्याकडचा 'उगाच कशाला' मला पुरेपूर ओळखीचा आहे. परक्या गावात सगळ्यांची सहल आपल्यापायी बिघडायला नको, बिल किती येईल कोण जाणे, भाषा धड येत नाही, आणि जरा पडून राहिलं की बरं वाटेल. हॉटेलातल्या कितीतरी खोल्यांत हे बोललं जातं, आणि बहुतेक वेळा खरोखर काही होतही नाही. धोका त्यामुळेच वाढतो.

3.00

डोकं दुखू लागलं होतं. हॉटेलातून दुसरा फोन गेला.

3.09

गाडी नऊ मिनिटांत आली. या वेळी कुणी परत पाठवली नाही.

3.47

तिथले प्राथमिक उपचार करून गाडी निघाली.

4.20

सेंट-अगात गावातलं रुग्णालय. पहिल्या फोनपासून तीन तास सदतीस मिनिटं झाली होती. मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय इथे नव्हती. ती माँट्रियालला, म्हणजे आणखी शंभरेक किलोमीटर पुढे, आणि क्वेबेकमध्ये तेव्हा रुग्णांसाठी हेलिकॉप्टर सेवा नव्हती. संध्याकाळी तिला रस्त्यानेच माँट्रियालच्या साक्रे-कर रुग्णालयात हलवण्यात आलं.

अशा रक्तस्रावावरचा उपाय जुना आहे. सीटी स्कॅनला काही मिनिटं लागतात. गाठ दिसली की कवटी उघडून साठलेलं रक्त काढतात. रुग्ण बेशुद्ध होण्याआधी हे झालं, तर बहुतेक जण वाचतात. म्हणून एक वाजता आलेली ती गाडी माझ्या मनातून जात नाही.

17 ते 19 मार्च

दुसऱ्या दिवशी तिला विमानाने न्यूयॉर्कच्या लेनॉक्स हिल रुग्णालयात नेलं. 18 मार्चला ती गेली. 19 तारखेला शवविच्छेदनाचा निष्कर्ष जाहीर झाला: डोक्याला मार बसून कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये झालेला रक्तस्राव, अपघाती मृत्यू. त्या संध्याकाळी ब्रॉडवेच्या नाट्यगृहांचे दिवे मंद करण्यात आले. तिची मुलं तेव्हा 13 आणि 12 वर्षांची होती.

मे महिन्यात आपल्याकडून कितीतरी कुटुंबं असाच बर्फ पाहायला स्वित्झर्लंडला, टिटलिसला आणि युंगफ्राउला जातात. त्यांना आणि त्यांच्या टूर लीडरना माझी कळकळीची विनंती आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. तो व्हिसाच्या फाइलीत ठेवून देऊ नका, त्याचा हेल्पलाइन नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवा. युरोपात 112 आणि कॅनडा-अमेरिकेत 911 हे आकडे मुलांनाही पाठ असू द्या. कुणाच्या डोक्याला जोराचा मार बसला, तर त्याला खोलीत एकटं झोपायला पाठवू नका. डोकेदुखी वाढली, उलटी झाली, बोलणं असंबद्ध झालं, गुंगी आली किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर त्याच क्षणी फोन करा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत लक्षणांचीही वाट पाहू नका. आणि रुग्णवाहिका आलीच असेल, तर तपासून घेतल्याशिवाय तिला जाऊ देऊ नका.