म्हशी, गवत आणि एक अनुमान : भरतपूरच्या राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास



आजचा विषय आहे राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर माणूस मोघम बोलायला लागतो. म्हणून मी एकच जागा घेणार आहे: राजस्थानातलं भरतपूर, केवलादेव राष्ट्रीय उद्यान. जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. पण निसर्गाचं रक्षण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न जितका स्वच्छ इथे समोर येतो तितका क्वचितच दुसरीकडे येतो.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. हे पाणथळ रान निसर्गाने जसंच्या तसं दिलेलं नाही. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळ अजान बांध घातला गेला. मुळात तो खोलगट भाग होता, पावसाळ्यात पाणी भरायचं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने छोटे बांध आणि कालवे काढून तिथे पाणी खेळवलं. कशासाठी? बदकांची शिकार करता यावी म्हणून. १९०२ पासून तिथे मोठ्या शिकारी सुरू झाल्या. कोणत्या दिवशी किती पक्षी मारले याचे दगडी फलक आजही उद्यानात उभे आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. एका दिवसात!

म्हणजे ज्या जागेला आपण आज निसर्गाचा वारसा म्हणतो, ती शिकारीच्या हौसेसाठी माणसाने घडवलेली. आणि तिथे आणखी एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या चालू होती. भोवतालच्या गावांच्या म्हशी त्या पाण्यात चरायच्या. राजा शिकार करायचा, गवळी म्हशी सोडायचा, पक्षी यायचे.

स्वातंत्र्यानंतर मागणी आली की हे पाणी काढून टाका, जमीन शेतीला द्या. मागणी गैर होती असं म्हणता येत नाही, भूक खरी होती. पण मुंबईचे पक्षीतज्ज्ञ सालिम अली मध्ये पडले, त्यांनी नेहरूंपर्यंत गाऱ्हाणं नेलं, आणि ती जागा वाचली. १९५६ मध्ये पक्षी अभयारण्य झालं. शिकारीचा हक्क मात्र राजघराण्याकडे १९७२ पर्यंत राहिला. पुढे १९८१ मध्ये रामसर करारात नाव आलं, आणि १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं.

आता इथे कायद्याचा बारकावा बघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. अभयारण्यात काही अटींवर गुरं चारायला परवानगी देता येते. राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावरांना चराईची मनाई आहे. हा नियम देशभर एकच: हिमालयातल्या कुरणाला तोच आणि भरतपूरच्या पाणथळीला तोच.

नियमाप्रमाणे १९८२ च्या नोव्हेंबरात भरतपूरला चराई बंद झाली. भोवती दगडी भिंत होतीच. म्हशींमुळे पाणवनस्पतींची नासधूस होते, पक्ष्यांना त्रास होतो, असं सालिम अलींसह अनेक जाणकारांचं मत होतं. गावकऱ्यांना पर्यायी चाऱ्याची धड सोय न करता दार बंद झालं. गावकरी जमले, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला, आणि त्यात गावकरी मेले. पक्ष्यांच्या रक्षणासाठी काढलेल्या हुकमापायी माणसं मेली. पुढचं सगळं ऐकताना हे विसरू नका.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून जरा न्यायशास्त्राकडे वळतो. नैयायिक म्हणतात, अनुमान व्याप्तीवर उभं असतं. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती बरोबर. पण उलटी केली, जिथे अग्नी तिथे धूर, तर ती टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. ही जी न सांगितलेली अट असते, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. उपाधी लपलेली असेल तर अनुमान दिसायला खणखणीत असतं आणि असतं मात्र पोकळ.

भरतपूरच्या बंदीमागचं अनुमान असंच होतं. जिथे गुरं चरतात तिथे निसर्ग बिघडतो. इथे गुरं चरतात. म्हणून इथला निसर्ग बिघडतो आहे. डोंगरउतारावर, जिथे कोवळी रोपं वर यायची आहेत, तिथे हे खरं असू शकेल. पण उथळ पाण्यात?

सुदैवाने याची तपासणी झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ पासूनची आपल्या मुंबईतली संस्था, १९८० ते १९९० अशी दहा वर्षं तिथे अभ्यास करत होती. डॉ. व्ही. एस. विजयन त्याचे प्रमुख. बंदीच्या आधीची स्थिती नोंदलेली होती आणि नंतरचीही. काय दिसलं? म्हशी गेल्यावर पास्पॅलम नावाचं पाणगवत माजलं. म्हशी ते खायच्या, तुडवायच्या, त्यामुळे ते आटोक्यात राहायचं. आता ते उथळ पाण्यावर पसरलं, मोकळं पाणी कमी झालं, मासे घटले आणि मोकळ्या पाण्यावर जगणारे पक्षीही घटले. ज्या पक्ष्यांसाठी म्हशी हाकलल्या, त्यांचीच अडचण झाली.

मला इथे त्या संस्थेचं कौतुक करावंसं वाटतं. सालिम अलींचं नाव आणि ती संस्था यांचं नातं आपण जाणतो. त्यांच्याच मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्याच संस्थेने मांडला आणि नियंत्रित चराई असावी असं सुचवलं. पण कायद्यात ती सोय नव्हती. म्हणून गावकऱ्यांना परवान्यावर गवत कापू देण्याचा मार्ग निघाला. पुढे वेडी बाभूळ माजली तेव्हाही तेच झालं. गावकऱ्यांनी ती उपटली, लाकूड घरी नेलं, रान मोकळं झालं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे गावकऱ्यांचंच नेहमी बरोबर. तसंही नाही. ही दुसरी व्याप्ती झाली, आणि तिलाही उपाधी आहे. किती म्हशी, कोणत्या ऋतूत, पाणी किती, यावर सगळं अवलंबून. आणि कायद्याचं संरक्षण नसतं तर आज तिथे शेतं किंवा इमारती असत्या, हेही तितकंच खरं. गंभीर नदीवर करौलीकडे पांचना धरण झालं. २००४ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांच्या विरोधामुळे पाणी सुटलं नाही आणि उद्यान कोरडं पडलं. नंतर गोवर्धन ड्रेनचं पाणी पाइपाने आणावं लागलं. सायबेरियन क्रौंच अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून यायचे. वाटेत त्यांची शिकार व्हायची. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर ते भरतपूरला दिसलेच नाहीत. भिंतीच्या आत कितीही चोख बंदोबस्त ठेवला तरी नदी आणि पक्षी बाहेरूनच येतात.

मग संरक्षण सोडायचं का? मुळीच नाही. माझं म्हणणं इतकंच की कुंपण घालणं हेसुद्धा एक अनुमान आहे, आणि अनुमानाला जो हिशेब द्यावा लागतो तो कुंपणालाही लागू आहे. घालण्याआधी तिथे काय काय चालू आहे ते नोंदवा, माणसांचं आणि जनावरांचं येणं-जाणंसुद्धा. काय दिसलं तर आपला निर्णय चुकला असं मानू, ते आधीच ठरवा. आणि तो चुकला तर किंमत कोण मोजणार, हे विचारा. भरतपूरला हिशेबाचा पहिला भाग संस्थेने चोख केला, आणि तोही बंदी लागू होण्याआधीपासून. शेवटचा प्रश्न आधी कुणी विचारलाच नाही, आणि किंमत मोजली ती ज्यांना निर्णयात विचारलं नव्हतं त्यांनी.

आपल्या भागातही पुढे उद्यानं होतील, सीमा वाढतील. वाढाव्यातही. तेव्हा नकाशावर रेघ ओढणाऱ्याला हे तीन प्रश्न जरूर विचारा.

थांबतो. शंका असतील तर घेऊ या.