ओढणारी वायर, ढकलणारं ऑइल: दुचाकीच्या ब्रेकचा इतिहास

सावंगीत दुचाकीच्या ब्रेकवर बोलायचं, तर सुरुवात वर्ध्यापासूनच करू. १९४५ मध्ये ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ नावाची कंपनी निघाली. हे बछराज म्हणजे वर्ध्याचे शेठ बछराज बजाज, जमनालालजींना ज्यांनी नातू म्हणून दत्तक घेतलं ते. तीच कंपनी पुढे बजाज ऑटो झाली आणि १९७२ मध्ये तिची चेतक आली.

चेतक आठवा. क्लचची एक वायर, गिअरच्या दोन, ॲक्सिलेटरची एक, दोन्ही ब्रेकच्या दोन. सगळी स्कूटर वायरवर चालायची. म्हणून तर लांबच्या प्रवासाला निघताना डिकीत क्लचची जादा वायर टाकलेली असायची.

ही वायर आली सायकलीकडून. आधी ब्रेकला सळई असे. जुन्या काळ्या सायकलींवर ती आजही दिसते. सळई सरळ रेषेत ओढते, तिला वळण घ्यायचं तर मध्ये सांधा लागतो. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी १८९६ मध्ये वेगळ्या रचनेचं पेटंट घेतलं. आत बारीक तारांचा पीळ, बाहेर दाबाला न झुकणारं आवरण. आतली तार ओढली जाते, बाहेरचं आवरण तो ताण पेलतं. त्यामुळे हँडल कितीही वळलं तरी ओढ चाकापर्यंत पोचते.

पण वायरमध्ये घर्षण आलं, ताणणं आलं, गंज आला. मोटारींना चारही चाकांवर सारखा जोर हवा होता. तिथे द्रव कामाला आला. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. माल्कम लॉकहीड यांनी तो ब्रेकला लावला आणि १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. मोटारसायकलीत ही गोष्ट रुजवली १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने. तिला पुढे डिस्क होती.

आपल्याकडे मात्र वेग आधी आला, ब्रेक मागून. १९८५ ची यामाहा आरएक्स १०० आठवते ना? पोरं वेडी झाली होती तिच्यामागे. पण दोन्ही चाकांना ड्रमच. २००१ मध्ये पल्सर १८० पुढे डिस्क घेऊन आली आणि डिस्क गावोगाव दिसू लागली.

आता माझा मुद्दा. वायर तुमच्या डोळ्यांसमोर म्हातारी होते. ड्रमचा लायनर झिजला की लिव्हर मुठीकडे येऊ लागतो, टोकाशी एकेक तार उसवते. ती कुरकुर करते आणि आपण नट आवळतो. डिस्क कुरकुरत नाही. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन आपोआप पुढे सरकतो, लिव्हर तिथल्या तिथे राहतो. फक्त डबीतलं ऑइल खाली जातं. आपण वरून ऑइल टाकतो आणि झिजलेल्या पॅडची ही खूण पुसून टाकतो!

शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा निकष आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच निकष १५५ वर येतो. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर पोकळ लागतो. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं.

आज तरुण मंडळी स्टीलच्या जाळीचे होज पाइप बसवतात. वाईट नाही. रबर फुगतं, जाळी फुगू देत नाही, दाब थेट पोचतो. पण हँडल उंच केलं आणि पाइप जुनाच ठेवला, तर पूर्ण वळणावर तो ताणला जातो. पाइप बदलताना बँजो बोल्टचे दोन्ही वॉशर नवे लागतात, आतली हवा पूर्ण काढावी लागते आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघावं लागतं. क्लच आणि ॲक्सिलेटरच्या वायरीही तितक्याच वाढवाव्या लागतात. नाही तर हँडल वळवलं की इंजिन आपोआप रेस होतं.

आणि गंमत बघा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. त्याखालच्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी सोय. ड्रमच्या गाड्यांत ही सोय होते कशाने? वायरने! म्हणजे १८९६ ची युक्ती कायद्याच्या हाताला धरून परत आली.

यवतमाळ रस्त्यानं दुचाकीवर येणारी माणसं इथल्या रुग्णालयात कोणाला तरी भेटायलाच यावीत, भरती व्हायला नको. घरी गेल्यावर गाडी हलवायच्या आधी दोन गोष्टी बघा: ऑइलची डबी आणि वायरचं टोक. वायरचं टोक तर पन्नास वर्षांपूर्वी चेतकवाले रोज न सांगता बघायचे.