बंद न पडण्याची गोष्ट

माणसाची अब्रू बहुधा तोंड उघडल्यावर जाते. मोटारीची मात्र गप्प बसल्यावर. आणि मोटारीने गप्प बसायचे ठिकाण पिंपरी-चिंचवड असेल तर विचारूच नका. दुसऱ्या गावात गाडी बंद पडली की लोक धक्का मारायला धावतात, आमच्या गावात निदान करायला धावतात. एक जण 'करंट येत नाही' म्हणतो, दुसरा 'पेट्रोलमध्ये कचरा आहे' म्हणतो, तिसरा काही न बोलता खाली वाकून चेसिसकडे अशा नजरेने पाहतो की गाडीच्या मालकाने आशा सोडावी. धक्का शेवटी रिक्षावालाच मारतो.

यात लोकांचाही दोष नाही. हे गावच यंत्रांचे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, म्हणजे सुरुवात पेनिसिलीनने झाली. पुढे आकुर्डीला बजाज आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, साठीच्या मध्यावर टेल्को आली. १९८२ साली महानगरपालिका झाली तोवर इथल्या घराघरांत कोणी पिस्टन, कोणी गिअर, कोणी नुसताच वॉशर बनवत होता. नवरा-बायको भांडले तरी 'तुमचं अलाइनमेंट बिघडलंय' असे म्हणणारे हे गाव.

अशा ठिकाणी जपानी मोटारीने नाव कमावले, तेही या पट्ट्यात मोटारींचा एकही जपानी कारखाना नसताना! माहेरच्या माणसांच्या घोळक्यात सुनेने नाव काढावे, तसला हा प्रकार. हे कसे घडले याचा शोध मी घेऊ लागलो, तेव्हा मला मोटारीआधी थेट हातमागाच्या दारात जावे लागले.

पण त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या आजोबांच्या पिढीत 'जपानी' हा शब्द शिवीच्या शेजारी राहायचा. जपानी खेळणे म्हणजे सकाळी आणावे आणि संध्याकाळी केराबरोबर काढावे. माल इतका स्वस्त, की इथल्या गिरण्यांच्या तोंडचे पाणी पळाले आणि १९३३ साली सरकारने जपानी सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. मोटारींचेही तेच. टोयोटाची टोयोपेट क्राउन १९५८ साली मोठ्या ऐटीत अमेरिकेत विकायला गेली. जपानातल्या खडबडीत रस्त्यांवर ती भक्कम होती. पण अमेरिकेच्या सरळसोट हमरस्त्यावर वेग घ्यायची वेळ आली की तापे, थरथरे, धापा टाकू लागे. दोन-तीन वर्षांत ती मुकाट परत फिरली. म्हणजे जपानी मोटार जन्मतःच गुणी होती, हा समज आधी काढून टाकावा.

आता हातमाग. टोयोटाचे मूळ पुरुष साकिची टोयोडा हे मागवाले. सुझुकीचे मूळ पुरुष मिचिओ सुझुकी हेही मागवाले. त्यांनी १९०९ साली हामामात्सुला मागाचा कारखाना काढला. इचलकरंजीच्या माणसाने ऐकले तर त्याचा ऊर भरून यावा! साकिचींच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाचे एक वैशिष्ट्य होते. सूत तुटले की तो माग आपणहून थांबायचा. साधा माग तुटल्या सुताने तसाच विणत राही आणि संध्याकाळी वारभर वाया गेलेले कापड हाती ठेवी. हा माग म्हणे, 'थांबा. आधी सूत जोडा, मग बोला.' त्या मागाचे पेटंट १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले, आणि १९३७ साली साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी टोयोटा मोटार कंपनी उभी केली.

मागाचे तत्त्व मोटारीच्या कारखान्यात गेले. कामाच्या रांगेवर एक दोर टांगला. कोणाही कामगाराला काही वावगे दिसले तर त्याने दोर ओढायचा. चूक तिथल्या तिथे सुधारली नाही, तर सगळी रांग थांबायची. या तत्त्वाला ते 'जिदोका' म्हणतात. आपल्या कानाला ती जिद्द आणि धोका यांची संधी वाटते, आणि अर्थाने फारशी चूकही नाही. त्यात १९५० साली डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानात व्याख्याने द्यायला गेले. दोष शेवटी तपासून काढू नका, आधी होऊच देऊ नका, हे त्यांचे सांगणे. अमेरिकेने त्यांचे तेव्हा फारसे मनावर घेतले नव्हते. जपानने त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू केले. पिकते तिथे विकत नाही, हे फक्त आंब्यांनाच लागू आहे असे नाही.

तर, रस्त्यात बंद न पडणाऱ्या गाडीचे रहस्य असे, की ती कारखान्यात वेळेवर बंद पडायला शिकलेली असते.

हे रहस्य आमच्याकडे आले ते आधी दुचाकीवरून. त्या काळी स्कूटर सुरू करणे हा एक विधी होता. आधी ती एका अंगावर कलती करायची, मग देवाचे नाव, मग लाथ. काही घरांत हा क्रम उलटा होता. १९८४ साली फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाशी हातमिळवणी केली आणि बटण दाबताच सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आली. आकुर्डीच्या बजाजने कावासाकीचा हात धरला आणि १९८६ साली कावासाकी बजाजची मोटारसायकल निघाली. पण सगळ्यांत मोठा गाजावाजा झाला तो मारुतीचा. १९८२ साली सुझुकीशी करार झाला, नोंदणीसाठी दहा हजार रुपये भरून लाखावर माणसे रांगेत उभी राहिली आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिली किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि नाव मारुती. आपल्या लोकांना धीर यायला यातले शेवटचे पुरेसे होते.

आमच्या तज्ज्ञ गावाने मात्र नावावर विश्वास ठेवला नाही. शहरात पहिल्या काही मारुत्या आल्या तेव्हा लोक दारावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत, जसे आपण माठ घेताना ऐकतो. आवाज 'ठण' नसून 'टण' आहे, असा निकाल झाला. 'काड्यापेटी आहे हो,' असे म्हणणाऱ्यांत रोज ट्रकचे लोखंड हाताळणारी मंडळी होती. त्यांच्या मानाने ते खरेही होते.

आमच्या वडिलांनी नव्वदीत एक जुनी पांढरी मारुती घेतली. तिच्याविषयी लिहायचे म्हणजे मोठी पंचाईत, कारण तिने काहीच केले नाही. शेजारच्या काकांकडे एक जुनी भारदस्त गाडी होती. तिच्यामुळे त्यांच्याकडे खंडाळ्याच्या घाटात रेडिएटरला पाणी पाजल्याची, लग्नाचा मुहूर्त हुकल्याची, ट्रकवाल्याने ओढत लोणावळ्याला नेल्याची अशी एकाहून एक सरस कहाणी होती. बैठकीत काका रंगात आले की वडील केविलवाणे होत. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती: 'सकाळी किल्ली फिरवली, सुरू झाली.' ही गोष्ट किती वेळा सांगणार? दहा वर्षांत या गाडीने आमच्या घराला एकही किस्सा दिला नाही. पण जेजुरीला निघताना काका एकदा हळूच विचारायला आले, 'तुमची गाडी मिळेल का? म्हातारीला घेऊन जायचंय.' अब्रू म्हणतात ती हीच. किस्से आपल्या गाडीचे सांगावेत. म्हातारीला मात्र दुसऱ्याच्या गाडीतून न्यावे.

बँकेत बसल्यावर मला याचा हिशेबही कळला. वाहनकर्जाच्या फाइलीत गाडीचे कौतुक लिहायला जागा नसते. तिथे एकच प्रश्न: उद्या विकायची झाली तर काय येईल? जुन्या बाजारातला भाव म्हणजे हजारो अनोळखी माणसांनी त्या नावाला दिलेले चारित्र्याचे प्रमाणपत्र.

हे प्रमाणपत्र आपल्यालाही मिळवता येते, हेही याच गावाने पाहिले. १९९८ च्या डिसेंबरात इंडिका बाजारात आली, तेव्हा पिंपरीत घरच्या मुलीचे लग्न असल्यासारखी लगबग होती. पहिल्या गाड्यांबद्दल ग्राहकांच्या तक्रारी आल्या. कंपनीने त्या ऐकल्या, दुरुस्त्या केल्या आणि २००१ साली सुधारलेली व्ही-टू काढली, ती चालली. सूत तुटले, थांबले, जोडले. माग तोच!

पुढे भोसरीच्या पत्र्याच्या शेडपासून चाकणपर्यंत जपानी शब्दांचा सुळसुळाट झाला. जुन्नर-खेडची पोरे 'कायझेन' आणि 'सेइरी-सेइतोन' असे काही म्हणू लागली की जणू आजीच्या तोंडच्या ओव्याच. हत्यारे जागच्या जागी ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ. पण आईने वीस वर्षे मराठीत सांगून जे झाले नाही ते जपानीत सांगितल्यावर महिन्यात झाले. चाकणला कारखाने आले तेही जर्मन: २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. शिस्त मात्र भिंतीवर जपानी. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग शाएस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला. आता संध्याकाळी चाकणच्या चौकात अडकले की वाटते, वेढा अजून उठलेला नाही.

भिंतीवरचा शब्द आणि हातातला दोर यांत मात्र अंतर असते. आमच्या इमारतीतला एक मुलगा सुट्या भागांच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. एका रात्रपाळीत त्याला भोकाचे माप केसभर जास्त वाटले आणि त्याने मशीन थांबवले. कंत्राट संपायला पंधरा दिवस होते. सुपरवायझर धावत आला आणि पहिला प्रश्न विचारला, 'टार्गेट कोण देणार, तुझा बाप?' मापे घेतली तर निम्मा ट्रे वाया गेलेला. मुलाला शाबासकी मिळाली नाही. पण नोकरीही गेली नाही. आमच्याकडे याला प्रगती म्हणतात.

आम्हा बँकवाल्यांना त्याची तगमग कळते. संगणक येण्यापूर्वी आमच्या शाखांत रोजची टॅली लागल्याशिवाय कोणी घरी जात नसे. दहा पैशांचा फरक निघाला तरी सगळी शाखा रात्री नऊपर्यंत लेजरांत डोके घालून बसे. 'मी खिशातून दहा पैसे घालतो, सोडा ना घरी,' असे एखादा नवखा म्हणाला तर जुने हेडक्लार्क म्हणत, 'पैसे दहाच आहेत रे, पण ते कुणाचे आहेत हे कळायला नको?' जपानला न गेलेला जिदोका तो हाच.

आणि दोर ओढणारा हात घाबरला की काय होते? २०२३ च्या डिसेंबरात टोयोटाच्याच घरातल्या दाइहात्सु कंपनीच्या ६४ प्रकारच्या गाड्यांच्या चाचण्यांत गैरप्रकार निघाले. काही तर तीस वर्षांहून जुने. कंपनीला सगळ्याच गाड्या बाजारात पाठवणे थांबवावे लागले. कामाची घाई इतकी, की वेळ पुरत नाही असे वर कोणी सांगू शकत नव्हते, असे चौकशीत दिसले. शंभर वर्षांपूर्वी मागाला जमत होते ते माणसांना जमले नाही.

परवा तोच मुलगा जुनी गाडी घ्यायची म्हणून कर्जाचा फॉर्म न्यायला माझ्याकडे आला. इमारतीतल्या प्रत्येकाने त्याला कोणती घ्यावी हे सांगून झाले होते. दोघे जण टिचकी मारायला बरोबर जायलाही तयार होते. त्याने फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, 'काका, ज्यांनी ही बनवली त्यांना मध्येच थांबवायची मुभा होती का, हे कुठे लिहिलेलं असतं?'

मी फॉर्म उलटून पाहिला. आमच्या फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.