दस्तक विचारणारी पेशी

जमाखर्चाचा मेळ बसेना म्हणजे पूर्वीचे कारकून फरकाची रक्कम ‘किरकोळ’ या सदराखाली घालून कीर्द मिटवीत, आणि बहुधा त्यात कोणाचे काही बिघडत नसे. परंतु शास्त्राच्या दफ्तरात अशा किरकोळ सदराखाली कधीकधी मोठी इस्टेट दडून राहिलेली असते. १९७० नंतरच्या काही वर्षांत कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांतून नेमका हाच प्रकार चालला होता. ज्या उंदराला अर्बुदाची ओळख आधी करून दिली असेल त्याच्याच श्वेतपेशी त्या अर्बुदावर तुटून पडतील, हा सिद्धांत; आणि केवळ तुलनेसाठी घेतलेल्या, कसलीही ओळख नसलेल्या उंदरांच्या पेशींनीही काही लक्ष्ये परस्पर मारून टाकावीत, हा अनुभव. या आगंतुक मारणीला पुष्कळांनी प्रयोगातला दोष ठरविले.

मारणीची मोजदाद करण्याची रीत मोठी मार्मिक होती. कर्करोगाच्या पेशींत किरणोत्सर्गी क्रोमियम भरावयाचे, त्या स्वच्छ धुऊन श्वेतपेशींच्या संगतीत ठेवावयाच्या, आणि सुमारे चार तासांनी वरचा निवळ द्रव अलगद काढून घेऊन त्यातला किरणोत्सर्ग यंत्राने मोजावयाचा. पेशी धडधाकट असली तर क्रोमियम तिच्या पोटात राहते, फुटली तर द्रवात उतरते. पंचनाम्यास एवढा पुरावा पुरे. श्वेतपेशी मुळीच न घातलेली एक नळी शेजारी असेच, कारण आपोआप किती क्रोमियम झिरपते हे समजल्यावाचून खुनाचा आरोप कोणावरही ठेवता येत नाही.

नाझी अमदानीत बुडापेस्टमध्ये लपून दिवस काढलेल्या आणि १९४७ मध्ये स्वीडनला आलेल्या एवा क्लाइन या विदुषीने, रोल्फ किसलिंग व हान्स विगझेल या सहकाऱ्यांसह, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत हा फरक किरकोळीतून बाहेर काढला आणि १९७५ मध्ये त्या पेशींना ‘नैसर्गिक मारक’ हे नाव दिले. त्याच वर्षी अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन व त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले.

योगायोग असा की, या मारकाची सर्वांत आवडती शिकारही त्याच वर्षी शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. टेनेसी राज्यात लोझिओ दांपत्याने रक्ताच्या कर्करोगाने पीडित अशा त्रेपन्न वर्षांच्या एका स्त्रीच्या फुप्फुसाच्या आवरणात साचलेल्या पाण्यातून एक पेशीवंश वाढविला होता. त्याचे नाव के-५६२. मानवी मारक पेशींपुढे तो इतक्या सहज बळी पडे की, जगभरच्या प्रयोगशाळांतून तोच त्यांची कसोटी होऊन बसला.

तो इतका सहज का मरावा, याचा उलगडा क्लास केरे यांनी केला. १९८१ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी मांडलेल्या कल्पनेला १९८६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांचा आधार मिळाला. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्या इसमाला पहारेकरी ‘तू चोर आहेस काय?’ असे विचारीत बसत नाही, तो दस्तक मागतो. शरीरातील तांबड्या पेशी वगळल्या तर जवळजवळ प्रत्येक पेशी विशिष्ट प्रथिनांची अशी दस्तक अंगावर बाळगते. इतर श्वेतपेशींची नजर चुकविण्यासाठी कर्करोगाची पेशी कित्येकदा ती टाकून देते, आणि नेमकी तेथेच ती मारक पेशीच्या तावडीत सापडते. के-५६२ जवळ ही दस्तक जवळजवळ नव्हतीच.

परंतु पहारेकरी ओळखला म्हणजे तो चाकरीस राहतोच असे नाही. या पेशी अल्पायुषी, वाढविण्यास कठीण आणि नवे जनुक सहजी न स्वीकारणाऱ्या. मिनेसोटा विद्यापीठात जेफ्री मिलर यांनी नातलगांच्या मारक पेशी १९ रुग्णांना दिल्या, आणि २००५ मध्ये त्यांतील ५ जणांचा रोग ओसरल्याचे प्रसिद्ध केले. मुंबईच्या आयआयटीत व टाटा मेमोरियल रुग्णालयात सिद्ध होऊन २०२३ मध्ये मंजुरी मिळालेला उपचार टी-पेशी या दुसऱ्या जातीच्या श्वेतपेशींचा आहे, आणि त्यासाठी रुग्णाचेच रक्त घ्यावे लागते. मारक पेशी मात्र परक्याच्याही चालतात, आणि ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात केटी रेझवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नवजात बालकांच्या नाळेतील रक्तातून घेतल्या. त्यांत कर्करोगाची खूण ओळखणारा ग्राहक, पेशींना तगवून धरणारे इंटरल्युकिन-१५, आणि अनर्थ ओढवलाच तर पेशींनाच संपविण्याची कळ, अशी तीन जनुके विषाणूच्या वाहनातून घालण्यात आली. २०२० मध्ये ११ रुग्णांचा वृत्तांत आला. ८ जणांना गुण आला होता आणि ७ जणांत रोगाचा मागमूस उरला नव्हता. २०२४ मध्ये ३७ जणांचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा गुण येणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर उतरले, आणि उत्साहाला आवर बसला.

या कारखानदारीतील एक खोली मात्र इतिहासकाराने थांबून पाहावी अशी आहे. मूठभर मारक पेशींची पलटण व्हावयाची तर त्यांना चेतविणारे कोणीतरी शेजारी लागते. ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत या कामावर नेमलेले होते ते के-५६२. नवी प्रथिने अंगावर चढविलेल्या त्या पेशींच्या सहवासात मारक पेशी वाढतात, आणि वाढता वाढता त्यांना मारूनही टाकतात. टेनेसीतील ती स्त्री जाऊन अर्धशतक लोटले. तिच्या रोगाच्या पेशी आजही दस्तकीवाचून पहाऱ्यापुढे उभ्या राहत आहेत, फक्त आता त्यांना तेथे मुद्दाम, आणि दुसऱ्याच्या जीवितासाठी, उभे केले जाते.