देहकेंद्री उपचार
मनावरच्या आघाताची खूण शरीरात शोधून तिथूनच ती सैल करण्याची पद्धत. पोटात गोळा येणे, छातीत धस्स होणे, हातपाय गळणे : भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईपासून मुंबईपर्यंत मराठी माणूस भीती शरीरातूनच सांगतो. धोका टळल्यावरही श्वास उथळ आणि स्नायू ताठ राहू शकतात. म्हणून उपचारक श्वास, हालचाल, अंगातल्या संवेदना यांकडे हळूहळू लक्ष वळवतो. घाई केल्यास जुनी भीती उसळण्याचा धोका असतो. अमेरिकेत पीटर लेव्हिन यांनी अशी एक पद्धत बांधली. महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून श्वास आणि शरीरावरच काम करणाऱ्या योगाच्या प्रयोगनिष्ठ अभ्यासाला घर दिले, तर डॉ. के. के. दाते यांचा शवासन व उच्च रक्तदाबावरील अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मोलाचा, पण आघातावरील उपचाराचा पुरावा नव्हे.